कुंपणावरच्या कामगार मतदाराचं दार वाजवताना : अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत प्रचाराला जाणाऱ्यांसाठी

न्यू जर्सीतून शनिवारी सकाळी आपल्या लोकांच्या चार-पाच गाड्या निघतात. इंटरस्टेट ७८ हा महामार्ग धरून डेलावेअर नदी ओलांडली की पेनसिल्व्हेनिया. न्यू जर्सीचा निकाल बहुधा ठरल्यासारखा असतो, पेनसिल्व्हेनियाचा अटीतटीचा, म्हणून तिथे जायचं. मग ईस्टन, बेथलेहेम, ॲलनटाउन. डिकीत पाण्याच्या बाटल्या आणि पत्रकांचे गठ्ठे. संध्याकाळी परतताना प्रत्येक जण सांगतो, "साठ दारं केली." उघडली किती? "आठ-दहा." त्यातलं एकाचं तरी मन हललं का, असं विचारलं की गाडीत कोणी बोलत नाही.

मेहनतीत आपण कमी पडत नाही. क्रम चुकतो. बेल वाजवली की आपण उमेदवारापासून सुरुवात करतो आणि दारातल्या माणसापर्यंत पोचायच्या आत दार बंद होतं. तीन अध्यक्षीय निवडणुकांत मी हे काम केलं आणि पहिल्या निवडणुकीत ही चूक जवळजवळ रोज केली. खाली क्रम दिला आहे. तुम्ही कुठल्या पक्षासाठी फिरता याने त्यात फरक पडत नाही.

निघण्याआधी : तुम्हाला काय करता येतं?

हा भाग लोक वगळतात आणि त्यातच अडकतात.

नागरिक असाल तर प्रश्नच नाही. ग्रीनकार्डधारकाला फिरता येतं, वर्गणी देता येते, मत देता येत नाही. व्हिसावर असलेल्याला वर्गणी देता येत नाही, एक डॉलरही नाही. बिनपगारी स्वयंसेवक म्हणून फिरायला निवडणूक कायद्याची हरकत नाही, पण पैशाच्या किंवा धोरणाच्या निर्णयात भाग घेता येत नाही. तरीही आपल्या व्हिसाच्या अटींबद्दल वकिलाला एकदा विचारूनच निघा.

सावधान : नागरिकत्व मिळालेलं नसताना मतदार नोंदणीचा फॉर्म कोणी हातात दिला तरी भरू नका. लायसन्सच्या कचेरीत दिला तरीही नाही. "चुकून झालं" म्हणून सुटका होईलच असं नाही, देशाबाहेर काढण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते.

दुसरी सावधगिरी आपल्या महाराष्ट्र मंडळांसाठी. बहुतेक मंडळं करमुक्त धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेली आहेत आणि अशा संस्थेला कुठल्याही उमेदवाराचा प्रचार करता येत नाही. गणेशोत्सवाच्या मंचावरून आवाहन नको, मंडळाची सभासद-यादी नको, मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुपही नको. "मतदान करा" एवढंच सांगितलेलं चालतं. उमेदवाराचं नाव आलं की मंडळाची करसवलत धोक्यात येते.

पायरी १ : कुंपणावर नेमकं कोण बसलंय?

आपल्या मनातलं चित्र असं : एक माणूस दोन्ही उमेदवारांची आश्वासनं समोर ठेवून तोलतोय आणि आपल्या एका मुद्द्याने पारडं झुकणार आहे. असा माणूस भेटतो, पण क्वचित. कामगार वस्तीत तुम्हाला तीन प्रकारचे "अजून ठरवलं नाही" म्हणणारे भेटतील.

पहिला खरोखर दोघांत अडकलेला. दुसऱ्याचा प्रश्न "कोणाला" हा नसतोच, "कशाला" हा असतो. मत द्यायला जावं की झोप काढावी, एवढंच त्याला ठरवायचं असतं. तिसऱ्याचं ठरलेलं असतं, पण दारात आलेल्या परक्याला तो सांगणार नाही.

दुसऱ्या प्रकारचे लोक मला सर्वांत जास्त भेटले आणि त्यांच्यावरच सर्वांत कमी वेळ दिला जातो. त्यांना धोरणं समजावून सांगण्यात अर्थ नसतो. मत दिल्याने आपल्या आयुष्यात काही हललं, असा अनुभव त्यांना आलेला नसतो. तिसऱ्याला ओळखायचं, नमस्कार करायचा आणि पुढच्या दाराकडे वळायचं.

"कामगार" या शब्दाचंही चित्र बदला. बेथलेहेमच्या पोलाद कारखान्यातल्या भट्ट्या १९९५ मध्ये थंडावल्या आणि त्या जागेच्या काही भागावर आज कॅसिनो उभा आहे. डोक्यावर हेल्मेट, हातात डबा घेतलेला कामगार शोधत फिराल तर फार थोडे सापडतील. आज त्या भागातला कामगार महामार्गालगतच्या वेअरहाऊसमध्ये फोर्कलिफ्ट चालवतो. कामगार बाई घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांना अंघोळ घालते, कॅफेटेरियात स्वयंपाक करते, कॅसिनोत टेबल सांभाळते. ॲलनटाउनमध्ये निम्म्याहून अधिक वस्ती लॅटिनो आहे, त्यात पोर्तो रिको आणि डोमिनिकन रिपब्लिकमधून आलेली बरीच घरं. पोर्तो रिकोचे लोक जन्मानेच अमेरिकी नागरिक आहेत. बेटावर राहून त्यांना अध्यक्षासाठी मत देता येत नाही, पेनसिल्व्हेनियात राहायला आल्यावर देता येतं. हे माहीत नसलेला स्वयंसेवक त्यांना "तुम्ही नागरिक आहात का" असं विचारतो आणि तिथेच संवाद संपतो.

तपासा : पेनसिल्व्हेनियाच्या मतदारयादीत मतदाराचा नोंदलेला पक्ष दिसतो. त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. तीस वर्षांपूर्वी एका पक्षात नोंदणी केलेली आणि गेली कित्येक वर्षं दुसऱ्याला मत देणारी माणसं या राज्यात भरपूर आहेत. मिशिगन आणि विस्कॉन्सिनमध्ये पक्षनोंदणीची पद्धतच नाही. तिथल्या यादीतला "कल" हा मोहिमेने बांधलेला अंदाज असतो.

पायरी २ : आठवडाभर आधी गावाचा एक कागद करा

उमेदवाराचं चाळीस पानी धोरण पाठ करण्यात लोक रात्री घालवतात. त्याऐवजी ज्या गावात जाणार त्या गावाचा एक कागद करा. माझ्या कागदावर पाच गोष्टी असतात : तिथले तीन सर्वांत मोठे मालक कोण, त्यांच्याकडे पाळ्या कशा असतात, दोन खोल्यांच्या घराचं भाडं साधारण किती, गेल्या दोन वर्षांत काय बंद पडलं किंवा सुरू झालं, आणि मतदानाचे त्या राज्याचे नियम. पहिल्या चारांसाठी स्थानिक वर्तमानपत्र आणि नोकरीच्या जाहिराती पुरतात.

हा कागद नसला की काय होतं याचं एक उदाहरण. न्यू जर्सीत २०२४ साली किमान वेतन तासाला १५ डॉलरच्या वर गेलं होतं. नदीपलीकडे पेनसिल्व्हेनियात मात्र तेव्हाही ७.२५ डॉलरच होतं, संपूर्ण देशासाठी २००९ साली ठरलेलं. हा फरक पाहून आपला माणूस पेटून उठतो आणि वेअरहाऊसच्या कामगाराला किमान वेतनावर दहा मिनिटं ऐकवतो. पण वेअरहाऊसमध्ये पगार किमान वेतनाच्या कितीतरी वर असतो. त्या माणसाचं दुखणं वेगळं आहे : आयत्या वेळी लावलेला ओव्हरटाइम, एजन्सीमार्फत मिळालेली तात्पुरती नोकरी, विमा असूनही आधी स्वतःच्या खिशातून भरावी लागणारी रक्कम. मुद्दा खरा असतो, दार चुकीचं असतं.

थोडं गणितही सोबत ठेवा, तुमच्या स्वतःच्या धीरासाठी. २०१६ मध्ये पेनसिल्व्हेनियाचा निकाल सुमारे ४४ हजार मतांनी लागला, २०२० मध्ये सुमारे ८० हजारांनी आणि २०२४ मध्ये सुमारे १ लाख २० हजारांनी. राज्यात नऊ हजारांहून अधिक मतदान विभाग आहेत. म्हणजे २०१६ चा फरक एका विभागामागे पाच मतांच्या आसपास होता. प्रत्येक विभागात तीन माणसं इकडची तिकडे झाली असती तर राज्य फिरलं असतं. ईस्टन आणि बेथलेहेमचा बराचसा भाग ज्या नॉर्थॅम्प्टन काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) येतो, तिने २००८ आणि २०१२ मध्ये ओबामांना, २०१६ मध्ये ट्रम्पना, २०२० मध्ये बायडनना आणि २०२४ मध्ये पुन्हा ट्रम्पना कौल दिला. मन बदलणारी माणसं तिथे आहेत. साठ दारांमागे तीन सापडली तरी दिवस सार्थकी लागला.

पायरी ३ : वेळ त्यांच्या पाळीप्रमाणे, आपल्या सोयीने नाही

शनिवारी सकाळी १० ते १ ही आपली आवडती वेळ. रात्रपाळी करून सहाला घरी आलेला माणूस तेव्हा गाढ झोपेत असतो. त्याला उठवून तुम्ही एक मत घालवता.

गावात पाळ्या कधी बदलतात ते कागदावरून बघा. बारा तासांच्या पाळ्या असतील तर संध्याकाळी साडेसहा ते आठ आणि रविवारी दुपार चांगली. दारावर "रात्रपाळी, बेल वाजवू नका" अशी चिठ्ठी दिसली तर पत्रकावर हाताने दोन ओळी लिहून दाराच्या मुठीत अडकवा.

सावधान : पत्रक टपालपेटीत टाकू नका. तिकीट न लावलेलं काहीही त्या पेटीत टाकणं केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे.

आणि लवकर सुरुवात करा. दारोदार भेटी, फोन, टपाल अशा प्रचारावरच्या ४९ प्रयोगांचा एकत्र हिशेब २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. मुख्य निवडणूक तोंडावर आलेली असताना अशा प्रचाराने मन वळण्याचं प्रमाण सरासरीने शून्याच्या आसपास निघालं. हे वाचून काही जणांनी फिरणंच सोडलं. मी त्यातून एवढंच घेतलं की ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात पत्रक वाटून मन वळत नाही. मन वळवण्याचं काम उन्हाळ्यात आणि सप्टेंबरमध्ये करायचं, ऑक्टोबर ठेवायचा मतदानाला नेण्यासाठी.

पायरी ४ : दारातले पहिले वीस सेकंद

बेल वाजवून दोन पावलं मागे या आणि थोडे कडेला उभे राहा. दाराला नाक लावून उभा असलेला परका माणूस कोणालाच नको असतो. हातात पत्रक उघडं धरू नका. काळा चष्मा काढा. बेलमध्ये कॅमेरा असेल तर त्याच्याकडे बघून नाव सांगा, आतून ऐकणारं कोणीतरी असतं.

आपल्याला पाहून पुष्कळांना वाटतं की छतावरचे सोलर पॅनल किंवा इंटरनेटचं पॅकेज विकायला आलाय. म्हणून पहिलंच वाक्य हे : "मी काहीही विकायला आलेलो नाही. माझं नाव अमुक. मी शेजारच्या न्यू जर्सीत राहतो आणि निवडणुकीसाठी बिनपगारी फिरतोय." पूर्ण नाव सांगा, अवघड वाटलं तरी. नाव लपवलं की माणूस सावध होतो. न्यू जर्सीही लपवू नका, गाडीच्या नंबरप्लेटवर ती दिसतेच.

पक्ष आणि उमेदवार विचारला तर लगेच, सरळ सांगा. विचारला नाही तर दोन मिनिटं थांबा. यात लपवाछपवी नाही, छातीवर बिल्ला असतोच. पण उमेदवाराचं नाव आधी तोंडातून निघालं की समोरचा बोलणं सोडून बाजू घ्यायला लागतो.

"आत येण्यास मनाई" अशी पाटी असेल तर फाटकातूनच परत फिरा. "विक्रेत्यांना मनाई" ही पाटी कायद्याने प्रचाराला सहसा लागू होत नाही, तरी मी ते घर सोडतो. कायदा आपल्या बाजूने असला म्हणून घरमालक आपल्या बाजूने येत नाही.

पायरी ५ : ऐका

सगळं काम इथे होतं, म्हणून इथे जरा थांबतो.

पहिल्या निवडणुकीत एका दारात मी करांच्या योजनेवर पाच-सहा मिनिटं बोललो. आकडे बरोबर होते. समोरचा माणूस अंगात कामाचं पिवळं जाकीट घालून उभा होता, हातात गाडीची किल्ली. मी थांबल्यावर तो शांतपणे म्हणाला, "मी काय काम करतो हे तुम्ही विचारलंच नाहीत." आणि कामावर निघून गेला. त्या दिवसापासून माझ्या यादीत पहिला प्रश्न बदलला.

प्रश्न उघडे ठेवा. "तुम्ही आमच्या उमेदवाराला पाठिंबा देता का?" याला हो किंवा नाही एवढंच उत्तर येतं. "या निवडणुकीबद्दल तुमच्या डोक्यात काय चाललंय?" याला काहीतरी वेगळं येतं. गेल्या खेपेचं एक बोलणं मराठीत देतो :

"या वर्षी मतदानाचं काय ठरवलंय?"

"काही नाही. दोघंही सारखेच."

"असं वाटायला काही झालं का अलीकडे?"

"भाडं दोन वर्षांत चारशेने वाढलं. कोणी काय केलं?"

नवा स्वयंसेवक इथे उडी मारतो. घरबांधणीची योजना त्याच्या जिभेवर तयार असते. उडी मारू नका. अजून एक प्रश्न विचारा.

"चारशे! मग भरून कुठून काढता?"

"शनिवारची जादा पाळी घेतो. मुलाच्या मॅचला जाता येत नाही."

आता तुमच्या हाती खरी गोष्ट आली. भाडं ही नुसती वरची साल होती, आत शनिवार होता. या माणसाशी घरबांधणीवर बोलाल तर तो मान हलवेल. त्याच्या शनिवारवर बोलाल तर तो दाराबाहेर येऊन पायरीवर बसेल. माझ्या बाबतीत तसंच झालं.

बोलणं संपल्यावर त्याचंच म्हणणं त्याच्याच शब्दांत एकदा परत सांगा : "म्हणजे भाड्यापायी शनिवार गेला." चुकलं असेल तर तो दुरुस्त करेल, आणि ती दुरुस्ती तुमच्या कुठल्याही मुद्द्यापेक्षा मोलाची.

तपासा : दोन मिनिटं झाल्यावर स्वतःलाच विचारा, आतापर्यंत जास्त कोण बोललं? उत्तर "मी" असेल तर गप्प व्हा आणि प्रश्न विचारा.

पायरी ६ : स्वतःची गोष्ट, चाळीस सेकंदांत

त्याने काही दिलं, आता तुम्ही काही द्यायचं. उमेदवाराचं नाही, स्वतःचं. मायामीमध्ये झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्वयंसेवकांनी दारात साधारण दहा मिनिटं असा दोन्ही बाजूंनी अनुभव सांगण्याचा संवाद केला. ट्रान्सजेंडर व्यक्तींबद्दलच्या पूर्वग्रहात झालेला बदल निदान तीन महिने टिकला. तिथला विषय निवडणुकीचा नव्हता, पण पद्धत इथेही उपयोगी पडते.

माझे वडील मुंबईत गिरणी कामगार होते. जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला तेव्हा मी दुसरीत होतो. गिरणी पुन्हा सुरू झाली नाही. आई घरी पोळ्या लाटून विकायला लागली आणि वडील एका इमारतीत रखवालदार झाले. आज परळला त्या गिरण्यांच्या जागी मॉल आहेत. बेथलेहेममध्ये मी हे एवढंच सांगतो, एका श्वासात. भट्टीच्या जागी कॅसिनो बघणाऱ्याला पुढचं सांगावं लागत नाही.

इथे आपल्या लोकांची एक चूक फार महागात पडते. आपण यशाची गोष्ट सांगतो : दोन सुटकेस घेऊन आलो, रात्रंदिवस राबलो, आज स्वतःचं घर आहे. आपल्याला ती प्रेरणादायी वाटते. दोन नोकऱ्या करूनही भाड्याने राहणाऱ्याला त्यात ऐकू येतं : "मी राबलो, तू राबला नाहीस." ती गोष्ट गाडीतच ठेवून जा. मदतीची गरज पडली होती ती वेळ सांगा, कोणी मदत केली ते सांगा. अशी गोष्ट नसेल तर ही पायरी सोडा. बनवलेली गोष्ट दारात लगेच ओळखू येते.

पायरी ७ : एकच मुद्दा, आणि त्यावर दोघांतला फरक

आता उमेदवार आणा. त्याने जी गोष्ट सांगितली तिच्याशी जोडलेला एकच मुद्दा घ्या आणि त्यावर दोन्ही उमेदवारांनी काय केलं किंवा काय करू म्हटलं ते सरळ सांगा. समोरच्या उमेदवाराची बाजू त्याच्या समर्थकाला पटेल इतक्या प्रामाणिकपणे मांडा. तुम्ही मोडतोड केलीत तर फोनवर दहा सेकंदांत उघडकीस येतं.

कधी कधी फरक असतोच कुठे? २०२४ मध्ये टिपवरचा कर काढू असं ट्रम्प जूनमध्ये म्हणाले आणि ऑगस्टमध्ये हॅरिसही तेच म्हणाल्या. लास व्हेगासच्या वेटरला दोन्हीकडून एकच आश्वासन मिळालं. अशा वेळी तो मुद्दा सोडा किंवा बारकावा माहीत असेल तरच धरा. नुसतं "आमचा खरा, त्यांचा खोटा" हे कोणी ऐकत नाही.

महागाईवर विशेष जपून. जून २०२२ मध्ये अमेरिकेत महागाईचा दर ९.१ टक्क्यांवर गेला, मग उतरत गेला. २०२४ मध्ये कित्येक स्वयंसेवक दारात सांगत होते, "महागाई कमी झाली." दर कमी झाला होता, भाव कमी झाले नव्हते. वाढायचा वेग मंदावला, वाढलेलं तिथेच राहिलं. रोज वाणसामान भरणाऱ्या बाईला तुम्ही तिचं बिल खोटं आहे असं सांगत होतात. कोणताही पक्ष सत्तेत असो, माणसाच्या खिशातल्या अनुभवाशी आकडा घेऊन भांडू नका. "हो, भाव चढलेच आहेत" इथून सुरू करा, मग पुढे काय ते बोला.

पायरी ८ : हरकती

"सगळे चोर आहेत." खोडू नका. "तुम्हाला सर्वांत जास्त कोणी फसवलं?" असं विचारा. उत्तरात मुद्दा मिळतो.

"माझ्या एका मताने काय होतंय?" इथे पायरी २ मधलं पाच मतांचं गणित कामाला येतं. त्यांच्या गल्लीचं नाव घेऊन सांगा, राज्याचं नाही.

"तुमचा उमेदवार आमच्यासारख्यांना तुच्छ समजतो." ही सर्वांत जड हरकत, आणि ती दोन्ही पक्षांच्या वाट्याला आली आहे. २०१२ मध्ये रिपब्लिकन उमेदवार रॉम्नी यांचं, ४७ टक्के लोक सरकारवर अवलंबून आहेत हे बोलणं बाहेर आलं, २०१६ मध्ये डेमोक्रॅटिक उमेदवार हिलरी क्लिंटन ट्रम्पसमर्थकांच्या एका गटाला निंदनीय म्हणाल्या. दोन्ही वाक्यं कामगार वस्त्यांत अजून लक्षात आहेत. सारवासारव करू नका. "ते चुकीचं होतं. मलाही लागलं असतं" म्हणा आणि तुम्ही तरीही का फिरताय ते एका वाक्यात सांगा.

तुमच्या रंगावरून, उच्चारावरून काही बोललं गेलं तर सहन करत उभं राहण्याची गरज नाही. "दिवस चांगला जावो" म्हणून निघा, नोंद करा, सोबत्याला सांगा. एकट्याने कधीच फिरू नका.

पायरी ९ : होकारावर थांबू नका, बेत करा

"बरं, बघतो" ऐकून आपण आनंदाने निघतो. पायरी १ मधल्या दुसऱ्या प्रकारच्या मतदाराचं मत इथेच निसटतं. २००८ मध्ये याच पेनसिल्व्हेनियात पक्षांतर्गत निवडणुकीच्या वेळी एक प्रयोग झाला : मतदारांना फोनवर एवढंच विचारलं की किती वाजता जाणार, तेव्हा कुठून निघणार, त्याआधी काय करत असाल. मतदान वाढलं, आणि घरात एकच मतदार असलेल्यांमध्ये जास्त वाढलं. एकत्र राहणारे आपापसांत ठरवून टाकतात. एकट्याला विचारणारं कोणी नसतं. म्हणून एकट्या राहणाऱ्याकडे ही पायरी सोडू नका.

पेनसिल्व्हेनियात केंद्रं सकाळी ७ ते रात्री ८ उघडी असतात. मतदानाला सुट्टी नसते आणि मालकाने वेळ द्यायलाच हवा असा कायदा या राज्यात नाही. आता सकाळी ६ ते संध्याकाळी ६ पाळी असलेल्याचा विचार करा. गाडीने घरी यायला अर्धा तास, मुलाला आणायचं, मग रांग. त्याला "जा हं मतदानाला" म्हणण्यात अर्थ नाही. त्याच्यासोबत उभं राहून घड्याळ मांडा : साडेसहाला घर, मुलाला घेऊन सातला केंद्र. आठच्या आत रांगेत उभा राहिलेल्याला मत देता येतं, हे बहुतेकांना माहीत नसतं.

नाही जमत असेल तर टपाली मत. इथे २०१९ च्या कायद्यापासून कारण न देता ते मागता येतं. २०२४ च्या नियमांप्रमाणे अर्ज मतदानाच्या आठवडाभर आधी पोचायला हवा होता आणि भरलेली मतपत्रिका मतदानाच्या दिवशी रात्री ८ पर्यंत काउंटीच्या हातात. टपालाचा शिक्का चालत नाही, पोच लागते.

सावधान : मतपत्रिका आधी आतल्या गुप्ततेच्या पाकिटात, मग ते बाहेरच्या पाकिटात, बाहेरच्यावर सही आणि तारीख. आतलं पाकीट विसरलं की मत बाद होऊ शकतं. नमुन्याची दोन पाकिटं जवळ ठेवा आणि दारात हातात देऊन दाखवा. सांगून लक्षात राहत नाही.

नोंदणीची मुदत इथे पंधरा दिवस आधी संपते. मिशिगन आणि विस्कॉन्सिनमध्ये मतदानाच्या दिवशीही नोंदणी होते. केंद्रावर प्रथमच मत देणाऱ्याला पेनसिल्व्हेनियात ओळखपत्र लागतं. नियम बदलत असतात, त्या वर्षीचा कागद काउंटीच्या निवडणूक कार्यालयातून घ्या. केंद्रापर्यंत गाडीने सोडता येतं, पण मताच्या बदल्यात पेट्रोलचे पैसे, जेवण, काहीही देऊ नका.

पायरी १० : नोंद आणि दुसरी भेट

दारातून हलल्यावर पुढच्या घराआधी नोंद करा. प्रचारमोहिमेच्या ॲपमध्ये १ ते ५ असा कल भरायचा असतो : १ म्हणजे पक्का आपला, ५ म्हणजे पक्का त्यांचा. गोड बोलला म्हणून १ टाकू नका. सभ्य माणसं सगळ्यांशी गोड बोलतात. शंका असेल तर ३. चुकीचा १ टाकलात तर त्या घरी पुन्हा कोणी जाणार नाही.

आकड्याखाली एक ओळ लिहा : "भाडं. शनिवारची पाळी. मुलगा खेळतो." दोन-तीन आठवड्यांनी शक्यतो त्याच माणसाने जावं आणि पहिला प्रश्न त्या ओळीतून यावा : "मॅच झाली का बघायला?" शेवटच्या आठवड्यात पुन्हा मन वळवायला जाऊ नका. ज्यांचा बेत झालाय त्यांना आदल्या संध्याकाळी फोन करा, पाळी सुटण्याच्या वेळी. केंद्राचा पत्ता सांगा, ठरलेली वेळ सांगा, ओळखपत्र खिशात आहे का विचारा. मुलाला कोण आणणार याचं काही बदललं असेल तर घड्याळ तिथेच पुन्हा मांडा.